ठरवलेले अपघात

“आजपासून तुझा नवरा शिडीवरून पडला, असं समज. कुणी विचारलं तर हेच सांगायचं, आणि नाही विचारलं तरी हेच सांगायचं.”

सासूचा हा आवाज कोटवालीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. चढा नाही, कडू नाही. दूध उतू जातंय, गॅस बारीक कर, असं सांगावं तितका साधा आवाज. नवरा तेव्हा शेजारच्याच खोलीत खुर्चीवर बसलेला होता. तो कुठून पडला नव्हता, त्याला कुठं खरचटलंही नव्हतं. फक्त त्याचे हात त्याचे राहिले नव्हते. मांडीवर ठेवले की आपोआप उडत, एकमेकांत अडकवून धरले की खांदे उडत. चालताना पाय असे पडत, जणू जमीनच कुणी खालून हलवतंय.

तिचा सासराही तसाच गेला होता. तो म्हणे सायकलवरून पडला होता. आतेसासू न्हाणीत घसरली होती. चुलतसासऱ्यांना विजेचा झटका बसला होता. या घराण्यात रोगाचं नाव कुणी काढत नसे. त्याची चाहूल लागली की मोठी माणसं दार लोटून बसत आणि लग्नाची तारीख ठरवावी तसा अपघात ठरवत. घरातल्या मोठ्या बाईनं तो चारचौघांत सांगायचा, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. सोयरिकीतून ही रीत इतर घरांतही गेली होती. कारण पडलेल्या माणसाच्या मुलींना स्थळं येतात. ज्याच्या रक्तातच काही आहे, त्याच्या मुलींना येत नाहीत.

तिला स्वतःला लग्नाआधी कुणी काही बोललं नव्हतं. बोलले तेव्हा लेक पाळण्यात होती आणि परतीची वाट बुजली होती.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा गेला, सासू गेली. उरली ती, लेक, आणि वरच्या मजल्यावर राहणारे थोरले दीर. दोघं भाऊ पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. धाकटा गेल्यावर थोरल्या भाऊजींनी एकट्यानं ब्रश धरला आणि या दोघींचं घर चालवलं. त्यांनी लग्न केलं नाही. पुतणीला अंगाखांद्यावर वाढवलं. ती लहानपणापासून प्रश्न विचारून जीव खायची म्हणून तिचं नाव त्यांनीच ‘चौकशी’ ठेवलं होतं.

आणि कोटवाली हे नाव गल्लीनं दिलेलं. डोंगरावरचं विद्यापीठ खाली शहरात उतरलं, तेव्हापासूनचं. विद्यापीठानं बंद पडलेला बल्बचा कारखाना घेतला, शेजारच्या इस्पितळाशी पुलानं जोडला, औषधं आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना आत जागा दिल्या आणि त्या सगळ्या पसाऱ्याला तोंडात न मावणारं नाव दिलं. लोक नुसतं ‘केंद्र’ म्हणत. त्या केंद्रातल्या माणसांचे पांढरे कोट शिवायचं काम हिला मिळालं. पुढं तीन खिसे, पाठीला चुणी, छातीवर विद्यापीठाची खूण. खोलीत जिकडे पाहावं तिकडे कोट. खुंटीवर, दारावर, खिडकीच्या गजाला. भाऊजी म्हणायचे, “घरात शिरलं की वाटतं, डॉक्टर लोकांनी वेढा घातलाय आणि आत माणूस एकही नाही.”

यंत्राच्या चाकाबरोबर ती काहीबाही गुणगुणायची. ओळी कुणाकडून घेतलेल्या नव्हत्या, तिच्याच ओठांवर जुळायच्या:

शिवण घातली, वर दिसेना टाका,
आतल्या धाग्याला कुणी मारीना हाका.

त्या दिवशी ती काजं करत बसली होती. लेक बाहेरून आली, चपला काढता काढता हसायला लागली.

“आई, आज आणखी एक पडलेला सापडला.”

“कोण गं?”

“कालव्यापलीकडच्या गल्लीत. बायको म्हणते, मोटरसायकलवरून पडले. मी म्हटलं, कुठली मोटरसायकल हो? तर म्हणते, आमच्याकडे कधी नव्हतीच! मग स्वतःच गडबडली. म्हणे, दुसऱ्याची होती, दुसऱ्यानंच चालवली, पडले मात्र हे.”

कोटवालीनं हसायचं म्हणून हसून घेतलं. सुई बोटात घुसली होती. पांढऱ्या कापडावर डाग पडू नये म्हणून तिनं बोट तोंडात घातलं.

लेक त्याच केंद्रात मज्जाविकार विभागात लागली होती. घरोघरी जायचं, माणसांशी बोलायचं, कुणाच्या घराण्यात हातपाय असे नाचायला लागतात का ते विचारायचं. अशा घरांना इस्पितळात आणायचं. तिच्या प्राध्यापकबाई म्हणायच्या, आमची यंत्रं रक्ताच्या थेंबातून बोलतील, पण आधी माणसं तर बोलू देत!

“हसण्यासारखं नाहीये खरं तर,” लेक खाली बसली. एक कोट मांडीवर ओढून घेऊन सुटे दोरे तोडू लागली. “हालचाल आवरणारी औषधं आहेत आई आमच्याकडे. रोग जात नाही त्यानं, पण माणूस निदान स्वतःच्या हातानं घास खाऊ शकतो. नव्या औषधाची चाचणी इथं करायची विद्यापीठाची तयारी आहे. डॉक्टर आहेत, खाटा आहेत, सगळं आहे. फक्त आजारी माणूस नाही एकही. सगळे पडलेले! बाई म्हणाल्या, असंच चाललं तर विभाग उचलून दुसऱ्या शहरात नेतील.”

“मग तुझी नोकरी?”

“माझी जाऊ दे गं. घराघरांत मागच्या खोल्यांत दडवून ठेवलेल्यांचं काय?” तिनं दात लावून दोरा तोडला. मग मान वर न करता विचारलं, “बाबा पडायच्या आधी त्यांचे हात कसे होते?”

यंत्राचं चाक थांबलं. वडील गेले तेव्हा लेक एवढीशी होती. शेवटची वर्षं ते रंगाच्या गोदामावरच्या माळ्यावर राहिले होते. डोक्याला मार लागलाय, त्यांना त्रास द्यायचा नाही, असं सांगून पोरीला तिकडे फारसं जाऊ दिलं नव्हतं.

“सरळ,” कोटवाली म्हणाली. “एक रेघ मारली की मोजपट्टीनं लाजावं.”

खोटं तरी कसं म्हणायचं? एके काळी ते खरंच होतं. जिचं नावच चौकशी, ती पोर गप्प बसली, आणि ते गप्प बसणं आईला प्रश्नापेक्षा जड गेलं.

पुढच्या आठवड्यात ती कोटांचं गाठोडं घेऊन केंद्रावर गेली. जुन्या कारखान्याच्या फाटकावर नवी पाटी लागत होती आणि ते काम भाऊजींना मिळालं होतं. आजकाल सगळं छापून येतं, पण विद्यापीठातल्या कुणीतरी हट्ट धरला होता की इथली पाटी हातानंच रंगवायची. भाऊजी तेव्हापासून हवेत होते. “पोरगी आत, मी दारावर,” ते सांगत सुटले होते.

ती फाटकाशी आली आणि वर पाहत उभी राहिली. पहिली अक्षरं अशी होती, जशी दगडात कोरलेली. मग हळूहळू काने वाकायला लागले होते. मधल्या एका अक्षराची रेघ खाली येता येता थरथरली होती, सापाच्या चालीसारखी. तिच्यावर पुन्हा रंग चढवलेला, म्हणून ती जाडही झाली होती.

भाऊजी शिडीच्या पायथ्याशी बसले होते. उजवा हात डाव्या बगलेत घट्ट दाबलेला.

“शिडी हलते गं,” ते म्हणाले. “जमीन एकसारखी नाही इथली.”

तिनं शिडीला हात लावून पाहिला. शिडी जागची हलली नाही. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं टाळत राहिले. आतून पांढऱ्या कोटांतली पोरंपोरी हसत-खिदळत पुलाकडे चालली होती. पाठीवरच्या सगळ्या चुण्या हिच्याच हातच्या.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“साठी उलटली तेव्हा वाटलं, सुटलो.” भाऊजी हसले. त्यांची मान एकदा आपोआप वळली आणि त्यांनी ती मुद्दाम वळवल्यासारखं केलं. “आपल्याकडे चाळिशीतच गाठतो ना तो! मी म्हटलं, आपलं नाव विसरला. उशिरा आला, पण पत्ता बरोबर शोधलान्.”

“भाऊजी, आत चला. इथंच आहे सगळं. हे काय, दारातच तर आहात तुम्ही.”

“वेडी आहेस का?” त्यांचा आवाज एकदम घट्ट झाला. “पोरीचं लग्न ठरतंय. रविवारी ती माणसं तारीख धरायला येतायत. आणि मी आत जाऊन खाटेवर बसू? सगळं केंद्र ओळखतं मला, चौकशीचा काका म्हणून.”

मुलगा त्याच केंद्रातला होता, उपकरणं दुरुस्त करणारा. लेक त्याला घरी ‘यंत्रवाला’ म्हणायची आणि ते म्हणताना आईकडे पाठ करायची. एवढ्यावरून आईला सगळं कळलं होतं.

“ज्या घरात आग दडवलीय, त्याच घरची पोर गावभर धूर शोधत हिंडतेय,” भाऊजी म्हणाले. “मी रोज जीव मुठीत धरून बसतो. लग्न होऊ दे, नोकरी सोडू दे, मग माझं काय व्हायचं ते होवो. रविवारच्या आत जिन्यावरून पडतो मी. पाय मुरगळला, हाताला मार बसला. तू सांगायचं. आता घरातली मोठी बाई तूच.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी मान दिल्यासारखं उच्चारलं. तिला मात्र गळ्याभोवती माप घेतल्यासारखं झालं.

“आणि पोरीला?” ती पुटपुटली. “तिला मूलबाळ होईल उद्या.”

“मला सांग, तुला आधी कळलं असतं तर तू आली असतीस या घरात?”

तिनं हातातल्या गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली.

“नसतीस आलीस. मग ही पोर नसती. मी नाही केलं लग्न, ते काय उगाच? मला ठाऊक होतं. माझ्यापुरतं मी ठरवलं, दुसऱ्याच्या लेकीला फसवायचं नाही.” ते थांबले. “धाकट्याला मात्र बोललो नाही. त्याचं तुझ्यावर मन बसलं होतं. आई म्हणाली, पोराच्या सुखात माती कालवू नकोस. नाही कालवली.” त्यांचा उजवा हात बगलेतून निसटला आणि हवेतच दोन-तीनदा उडाला, ब्रश झटकावा तसा. त्यांनी तो धरून पुन्हा कोंडला. “त्याला जेवण भरवताना रोज वाटायचं, बोलायला हवं होतं.”

वाचकहो, या माणसाला दुष्ट म्हणता येणार नाही. दुष्टपणा असता तर सोपं झालं असतं, त्याच्यावर दार आपटून बाहेर पडता आलं असतं. हे दार मायेनं बंद केलेलं होतं. अशा दाराला आतून कडी नसते, बाहेरून कुलूप नसतं, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या कुणी बाहेर पडत नाही.

रविवारपर्यंत ती घरात फिरत राहिली, सुईत ओवलेला पण कापडात न शिरलेला दोरा असावा तशी. पोळपाटाशी उभी राहिली की वाक्य पाठ करायची: जिन्यावरून पडले, हाताला मार बसला. यंत्राशी बसली की तेच. मधेच ठरवायची, आज पोरीला सांगू. पोर दारात आली की तिचे हात पाहायची. चपलेचा बंद सोडणारी, केस बांधणारी, पाण्याचा पेला उचलणारी ती लांब शांत बोटं. किती शांत! या शांततेवर आपण कसा दगड टाकायचा? रोज तिच्या ओठांवर एवढंच जुळायचं:

पोटात राखली, राखली पाठीशी,
एकच गोष्ट गं ठेविली गाठीशी.

रविवारी दुपारी पाहुणे आले. यंत्रवाला, त्याची आई, आणि या बाजूनं गावातला एक चुलतदीर नि त्याची बायको. मुलाची आई निवृत्त शिक्षिका होती. बोलणं नीटस, नजर पोराच्या वहीवरून फिरावी तशी, पण हसणं मोकळं. आल्या आल्या खुंटीवरच्या कोटांकडे पाहून म्हणाली, “अरे वा, आमच्या चिरंजीवांचे खिसे इथं तयार होतात होय! रोज स्क्रू विसरून येतो त्यात. माझ्या धुण्याच्या यंत्रानं कान पकडलेत.”

सगळे हसले. यंत्रवाला लाजला. लेकीनं चहा आणला तो सरळ टेबलावर ठेवून दिला आणि स्वतः खुर्ची ओढून सगळ्यांत बसली.

भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. पाहुणे यायच्या जरा आधी, लेक आत असताना, उजव्या हाताला त्यांनी पट्टी गुंडाळून तो झोळीत घातला होता. पट्टी पांढरीशुभ्र, कोटाच्याच कापडाची. तिनंच फाडून दिली होती. त्यांनी डाव्या हातानं कप उचलला. कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी तो पटकन ठेवला. चहा हिंदकळून पसरला.

“अहो, हाताला काय झालं?” शिक्षिकाबाईंनी विचारलं. त्यात संशय नव्हता, नुसती विचारपूस होती.

चुलतदिरानं कोटवालीकडे पाहिलं. त्याच्या बायकोनं पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं, आणि त्या नजरेत हुकूम नव्हता, गयावया होती. माना डोलायला तयार होऊन बसल्या होत्या.

तिचं तोंड उघडायच्या आत लेक हसून म्हणाली, “काका, तुम्हीपण पडलात की काय!”

गंमत म्हणून तिच्या तोंडून निघालं ते. पण वाक्य संपता संपता तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र तिथून निघून गेले. ते काकांच्या झोळीवर गेले. झोळीतून बाहेर डोकावणाऱ्या बोटांवर गेले. बोटं पेटी वाजवल्यासारखी आपली आपण हलत होती. घरोघरी फिरून शिकलेली ती नजर होती, तिला आणखी काही लागत नव्हतं. तिनं हळूच आईकडे पाहिलं, आणि विचारलं काहीच नाही.

कोटवालीला वाटलं, ही पोर आपल्याला वाट देतेय. आता आपण ‘जिना’ म्हणालो तर ती मान डोलवील. आज, उद्या, जन्मभर. लग्न करील, नोकरी सोडील. एखाद्या दिवशी तिचीही बोटं अशी हलू लागतील आणि तेव्हा तीही कुठूनतरी पडेल. सांगायला तेव्हा कोण असेल? कदाचित तिचीच सून.

“भाऊजी कुठून पडले नाहीत,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तिलाही अनोळखी वाटला.

“अगं...” चुलतदीर पुढं सरकला. “तिला म्हणायचंय की—”

“मला म्हणायचंय ते मलाच म्हणू द्या. या घराण्यात कुणीच कुठून पडलेलं नाही. ना सासरे, ना आतेसासूबाई, ना हिचे बाबा.” ती शिक्षिकाबाईंकडे वळली. “बाई, हा रोग आहे. रक्तातून येतो. आम्ही तो लपवतो आणि त्याला अपघाताचं नाव देतो, म्हणजे आमच्या मुली खपतात. मला असंच आणलं. तुमच्या मुलाला मी असं अडकवणार नाही. तुम्ही उठून गेलात तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही.”

शिक्षिकाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. चेहरा हळूहळू मिटत गेला, फळा पुसावा तसा. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो लेकीकडे पाहत होता. उठला मात्र कुणीच नाही. अजून तरी नाही.

भाऊजींनी मान खाली घातली होती. मग त्यांनी डाव्या हातानं झोळीची गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ सुटेना. लेक उठली, त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि तिनं ती सोडवली. पट्टी उलगडली, हात मोकळा झाला आणि सगळ्यांच्या देखत, उजेडात, हवा तसा उडू लागला. तिनं तो दाबून धरला नाही. नुसता आपल्या तळहातावर ठेवून घेतला.

“दुखतं का काका?”

“नाही गं,” भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. “कोंडून कोंडून दमलो फक्त.”

“उद्या माझ्याबरोबर यायचं. दारात नाही थांबायचं, आत यायचं.”

त्यांनी मान हलवली. ती आपोआप हलली की त्यांनी हलवली, हे कुणाला कळलं नाही. पण लेकीनं ते हो म्हणूनच घेतलं.

आता आईचं उरलं होतं. सगळ्यांत जड ते अजून तिच्याचजवळ होतं. पाहुण्यांना सांगून झालं, भावकीला सांगून झालं, आणि जिला पहिलं सांगायचं ती अजून काकांचा हात तळहातावर घेऊन बसली होती. कोटवाली उठली. लेकीजवळ खाली जमिनीवरच बसली. तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि मग निग्रहानं बोटं सोडून डोळ्यांत पाहिलं.

“बाळा, बाबांचं होतं ते तुझ्यात आलं असेल. नसेलही आलं. मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं की नाही हे तुझं तू ठरव, मी नाही, काका नाही. पण ते असू शकतं एवढं मला तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ठाऊक होतं, आणि मी तुला सांगितलं नाही.”